कावळ्यासमोर दिलेला शब्द

विष्णू, तुझ्या दहाव्याला मला किळस आली. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होते. मी तुझी थोरली बहीण. तुला न्हाऊ घातलेली, तुझं नाक पदरानं पुसलेली. म्हशीचं शेण, लेकरांचं ओकणं, सगळं या हातांनी काढलंय, मला सहसा कशाची शिसारी येत नाही. पण त्या सकाळी गुंजवणी नदीच्या काठावर ती तुझ्याबरोबर डोंगरात पळणारी मंडळी आली, पाठीवर तुझं तोंड छापलेले टी-शर्ट घालून. ऊन चढलं. त्यांना घाम फुटला, कापड पाठीला चिकटलं आणि तुझं तोंड चुरगाळलं. एकाच्या पाठीवर तुझा डोळा मिटलेला, एकीच्या पाठीवर तुझ्या मिशीला वळी पडलेली, एका जाड्याच्या पाठीवर तुझा जबडा ओलाचिंब. आणि मी त्यांच्या मागं उभी. पुढं गुरुजी पिंडाचा भात कालवतायत आणि मला तुझी घामेजलेली तोंडं बघावी लागतायत. मान फिरवली तर तिकडं कुणीतरी रंगीत पाण्याच्या बाटल्या वाटत होतं. दहाव्याला! मला पण एक दिली. चव घेतली, गोड खारट, तापातल्या माणसाच्या लाळेसारखी. तिथंच वाळूत ओतली.

तुला पोरबाळ नाही, म्हणून पिंड आपल्या चुलत भावानं, तात्यानं ठेवला. आणि कावळा शिवेना. पलीकडच्या करंजावर कावळे होते की, ओळीनं बसलेले. पण यायला तयार नाहीत. का येतील? डोक्यावर त्या मंडळींचं उडतं यंत्र घोंघावत होतं. ड्रोन म्हणतात त्याला. वरून तुझ्या दहाव्याचा व्हिडिओ काढत होते. गेलेला माणूस वरून कसा दिसतो ते बघायचं असेल.

तात्या हात जोडून म्हणाला, "विष्णू, शोभाला आमी अंतर देणार न्हाई बाबा."

कावळा नाही.

"दुकान बंद पडू देत न्हाई."

कावळा नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "त्याला कापूरहोळच्या धाब्यावरली भजी लई आवडायची." एक गडी मोटारसायकलवर गेला, भजी आणली, कागदासकट पिंडाशेजारी ठेवली. तेल वाळूत झिरपलं. कावळा जागचा हलेना. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. माझ्याकडंही बघितलं, जसं काही मीच तुझं काहीतरी अडवून ठेवलंय.

मग केतन पुढं आला. त्या मंडळींचा म्होरक्या, पुण्याचा. खरं सांगते, पोरगा ढसाढसा रडत होता, त्या रडण्यात खोट नव्हती. म्हणाला, "विष्णूदादा, धारेवरच्या फाट्यावर तुमच्या नावाची पाटी लावू. मोठी, स्टीलची. तुमचे वाट दाखवणारे बाण परत रंगवू. सगळ्या वाटेवर."

आणि तेवढ्यात त्या यंत्राची बॅटरी संपली. बारीक कुईं करत ते खाली वाळूत येऊन बसलं. आकाश मोकळं झालं, आणि कावळा आला. पिंडावर नाही, आधी भज्यावर, पण आला.

"शिवला! शिवला!" एकच गलका. तात्याच्या डोळ्यांत पाणी. "बघा, पाटीतच जीव अडकला हुता त्याचा!"

मी म्हटलं, "अरे, ते यंत्र खाली उतरलं म्हणून आला तो."

"अक्का, तू गप. मेल्या माणसाच्या इच्छेवर बी वाद घालणार का तू?"

तुझी बायको शोभा माझ्या शेजारी होती. तिनं डोळे मिटून हात जोडले आणि पुटपुटली, "नाव तरी ऱ्हाईल." झालं. कावळ्यासमोर दिलेला शब्द. आता तो मोडायचा कुणी? मीच तेवढी एक, भांडकुदळ म्हातारी.

तुला ठाऊक आहे मी का पेटले ते. त्या बाणांवरूनच तुझं माझं वाजलं होतं, आणि ते भांडण तसंच अर्धं टाकून तू गेलास. आता मी एकटीच भांडते. ऐक.

लहानपणी आपण आईबरोबर डोंगराची धार ओलांडून मामाच्या गावाला जायचो. पावसाळा सरलेला असायचा, गवत माणसाच्या खांद्याला लागायचं आणि गेल्या सालची वाट गिळून टाकलेली असायची. आई पुढं कोयता घेऊन, मी तिच्या मागं, आणि तू माझा परकर धरून. धारेवर फाटा लागायचा. एक वाट माणसांची, एक ढोरवाट. दिसायला दोन्ही सारख्या. उलट ढोरवाटच रुंद, मळलेली. आई तिथं थांबायची, करवंदीची चांगली हातभर फांदी तोडायची आणि ढोरवाटेवर आडवी टाकून वर दगड ठेवायची. काटी टाकली म्हणायचे तिला. पहिल्यांदा जो जाईल त्यानं टाकायची, ही रीत. तू विचारलं होतंस, का? ती म्हणाली, "ही वाट ढोरांनी पाडलीया. ढोर कड्याच्या कडंला उभं राहून गवत खातं आन् तितनंच मागारी फिरतं. माणूस मागारी फिरत न्हाई बाबा. त्याला वाटतं, वाट हाय मंजी फुडं गाव असंलच."

आणि ती काटी उन्हाळ्यापर्यंत वाळून, वाऱ्यानं उडून जायची. पुढच्या साली परत. हिरवी काटी दिसली की कळायचं, औंदा कुणीतरी येऊन गेलंय. काटीच नसली की पावलं आपोआप जपून पडायची.

तू मोठा झालास, कापूरहोळला पंक्चरचं दुकान टाकलंस, पोट सुटलं, साखर लागली. भोरच्या डॉक्टरनं चालायला सांगितलं तर शहाणा हायवेच्या कडंनं ट्रकांच्या मागं चालायचास. काळा शेंबूड निघायचा तुझ्या नाकातनं, आठवतं? मीच म्हटलं, मर तिकडं धुरात, नाहीतर माझ्याकडं ये. आलास. आधी आमच्या पालीच्या शिवारात चालायला लागलास, मग गडाच्या पायऱ्या, मग माची. पुढं पुढं तर रविवारी वेल्ह्याकडनं चढायचास आणि तोरण्यावरनं धारेधारेनं कातळ, घसारा तुडवत माझ्या दारात उतरायचास. पन्नाशी उलटलेला माणूस, माळावरच्या वासरासारखा. पोट गेलं, तोंडावर तेज आलं. त्या डोंगरानं मला माझा भाऊ परत दिला होता, हे मी तुला कधी बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी काय बोलायचे? "ते बूट भाईर काढ मेल्या!" कारण ते बूट! मोजे पिळून तू कुंपणावर टाकायचास आणि गोठ्यातली म्हैस तिकडं पाठ करून उभी राहायची. मी ओटीवर आलेल्या ट्रेकरांना पिठलं वाढताना सांगायचे, वास माझ्या पिठल्याचा नाही हो, माझ्या भावाचा आहे. तू हसत भाकरी मोडायचास. बरं वाटायचं रे. ती किळस पण बरी वाटायची.

आणि डोंगरावरनं घाण गोळा करून आणायचास. चिप्सची पाकिटं, ओले कागदी रुमाल, एकदा तर गडावरच्या पाण्याच्या टाक्याच्या कपारीत कुणीतरी मुतून ठेवलेली बाटली. हातात धरून पालीपर्यंत आणलीस. मी ओरडले, "फेक की!" तर म्हणालास, "कुठं फेकू अक्का? त्यांनी बी हेच केलं."

मग हाच माणूस डोंगराला रंग फासायला लागला. त्या पुण्याच्या मंडळींबरोबर पळायला लागलास, त्यांची डोंगरातली शर्यत ठरली, वाट दाखवायचं काम तुला दिलं, आणि तू दुकानातला पिवळा ऑइलपेंट घेऊन गेलास. ज्या डब्यातनं पाटीवर 'पंक्चर' लिहायचास, त्याच डब्यातनं कातळावर बाण. पालीपासून फाट्यापर्यंत, फाट्यापासून पुढं. मी बघायला गेले तेव्हा गुडघे शाबूत होते. काळ्या कातळावर ते पिवळे ओघळ. कुणीतरी देवाच्या अंगावर ओकल्यासारखं.

"अक्का, लोक चुकत्यात," तू म्हणालास.

"मग काटी टाक."

"पळणाऱ्याला काटी दिसत न्हाई. त्याला थांबून बघायला येळ नसतो."

"थांबायला येळ न्हाई, त्यानं डोंगरात यायचं कशाला? हायवे काय थोडा हाय व्हय?"

"तुला न्हाई कळायचं."

"मला एवढंच कळतं, तू डोंगराचं दुकान केलंस."

भाकरी तशीच टाकून गेलास. पुढं कित्येक रविवार दारात आला नाहीस. मी रोज त्या वाटेकडं बघायचे आणि मनातल्या मनात तुला झोडपायचे.

फाट्याखाली जो सुट्या मुरुमाचा घसारा आहे ना, तिथं तू एका सुट्या दगडावर बाण काढला होतास. जात्याएवढा दगड, पण सुटा. मेकॅनिक माणूस तू, नट सैल आहे का ते आधी बघतोस. दगड सैल आहे का ते बघितलं नाहीस. पावसाळ्यात घसारा सरकला, दगड फिरला, आणि बाण ढोरवाटेकडं वळला. हिवाळ्यात पुण्याच्या कॉलेजातल्या दोन पोरी आल्या आणि बाणाच्या पाठोपाठ थेट कड्याच्या ओठावर जाऊन अडकल्या. पुढं पोकळ, मागं घसरडं. एकीच्या मोबाईलला रेंज होती म्हणून कळलं. वाडीतली माणसं दोर घेऊन धावली, तूही धावलास. पोरी जिवानिशी खाली आल्या. माझ्या ओटीवर बसून चहा प्यायल्या, कप दातावर वाजत होते. त्यातली एक तुझ्याकडं बघून म्हणाली, "काका, बाण होता हो. पिवळा बाण होता तिथं."

तू मान वर केली नाहीस. 'तो मी काढला' हे म्हणाला नाहीस. मी बघत होते तुझ्याकडं. मला त्या घटकेला तुझाही वीट आला विष्णू, खोटं कशाला बोलू. पण पोरी गेल्यावर तू उठून गोठ्यामागं गेलास आणि भडाभडा ओकलास. तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन आले.

मग तुझं खरवडणं सुरू झालं. तारेचा ब्रश, वाळू, रविवारमागून रविवार. कातळाच्या भोकाभोकात शिरलेला रंग निघतो होय? जखमेतला पू सुकावा तसे पिवळट डाग राहिले ते राहिलेच. बोटांची सालटं निघालेली घेऊन तू माझ्या दारात बसलास आणि विचारलंस, "अक्का, काटीचं खरं हाय तुझं. पण दरसाल टाकायला कोण जाणार? तुझं गुडघं गेलं. वाडीतली पोरं पुण्याला गेली. मी आज हाय."

मी म्हटलं, "आधी जेव."

आपलं भांडण तिथं थांबलं. त्यानंतर दरसाल तू जात राहिलास, पहिला, गवत उभं असताना, कोयता घेऊन. आणि औंदा गवत पिवळं व्हायच्या आधी तुला ताप आला.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त घृणा येते, ती सांगते. कापूरहोळच्या चौकात तुझा फ्लेक्स लावलाय: 'सह्याद्रीच्या कुशीत विसावलेला वाघ'. कसली कूस रे? पुण्याच्या दवाखान्यात रेक्झिनच्या गादीवर, हाताला सुई, पेशी उतरत चाललेल्या, ओठांना रक्त. डेंग्यू. डासानं मारलं तुला. डोंगरानं नाही, पळण्यानं नाही. पण ते कुणाला सांगायचं नाही. वाघाला शोभून दिसत नाही ना ते.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी शोभा आणि मी दुकान आवरायला गेलो. दुकानामागं तुझा तो टायरांचा ढीग. मी तुला किती वेळा म्हटलं होतं, "विष्णू, त्या टायरांत पाणी साचलंय, अळ्या वळवळत्यात." तुझं ठरलेलं उत्तर, "जुन्या टायरांचा रिमोल्डवाला न्हेणार हाय अक्का. येतो म्हणालाय." तो अजून येतोय. शोभानं पहिला टायर तिरका केला. काळं पाणी निघालं, वर साय आल्यासारखा तवंग, आणि त्यात अळ्या, टिचभर पाण्यात मूठमूठ, उड्या मारणाऱ्या. दुसऱ्यात मेलेली पाल, फुगून पांढरी झालेली. तो वास अजून माझ्या लुगड्याला आहे. शोभा बाजूला जाऊन ओकली, तोंड पुसलं, परत आली, तिसरा टायर ओतला. असं करत करत सगळे ओतले. कुठला डास कुठनं आला हे कोण सांगणार; पण ती माती ओली झाली तसं तिचं तोंड बदलत गेलं.

"वन्सं," ती म्हणाली, "आख्ख्या डोंगराचा कचरा उचलला त्यांनी. आन् ह्यो?"

तिनं ओल्या मातीकडं बोट केलं.

"हितं मेले ते. हितं. आन् पाटी तिकडं लावायची? आन् बाण? ज्या बाणापायी त्यांना झोप लागत नव्हती, त्येच परत रंगवायचे?"

"अगं पण कावळा..."

"कावळ्याचं मला सांगू नका. त्यो भज्याला आला."

विष्णू, मला हसू फुटलं. टायरांच्या त्या घाणीत उभ्या राहून आम्ही दोघी हसलो, लोकांनी बघितलं तर काय म्हणतील याचा विचार न करता. मग तिनं तिथनंच केतनला फोन लावला, स्पीकरवर.

"वहिनी, पण आपण सगळ्यांसमोर शब्द दिलाय," तो म्हणाला.

"शब्द तुमी दिला. कावळ्याला. मला कुणी इचारलं?"

"पण विष्णूदादांची आठवण..."

"ती माझ्याकडं हाय. पुरती हाय. डोंगरावर काय बी लिवायचं न्हाई, बाण न्हाई, पाटी न्हाई. लावली तर मी सोता येऊन उपटीन."

केतन हळूच म्हणाला, "मग लोकांना वाट कळणार कशी वहिनी? गवत वाढलंय. पुढच्या महिन्यात माणसं येतील."

शोभानं फोन हातात तसाच धरून माझ्याकडं बघितलं. "वन्सं, काटी मंजी नेमकी कसली तोडायची?"

परवा गेलो आम्ही. तुझी बायको जन्मात कधी धारेवर चढली नव्हती, तुला ठाऊक आहे. डोंगर म्हणजे तिची सवत. साडी खोचून, कोयता घेऊन निघाली. केतनही आला, साधा सदरा घालून, छापील तोंड न घेता. तेवढं बरं केलं त्यानं. मी पहिल्या टेपाडापर्यंत कशीबशी पोचले आणि गुडघ्यांनी जाहीर केलं, बास. तिथनं फाट्याकडची धार दिसते. मी तिला हातानं दाखवलं, करवंदीची जाळी कुठं, ढोरवाट कुठली, घसाऱ्यात पाय कसा टाकायचा. केतन तिच्याबरोबर जायला उठला तर म्हणाली, "तुमी बसा वन्सं जवळ. एकलीच जाते."

गेली. गवतात तिचं डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं, परत दिसायचं. मी त्या कातळावर बसून तुझ्या पिवळट डागांकडं बघत होते आणि मला उबग आला, सगळ्याचा, डोंगराचा, तुझ्या पळण्याचा, या न संपणाऱ्या दरसालाचा. तिला एकटीला पाठवलं याचा तर जास्तच.

फाट्यावर ती फांदी आडवी टाकताना दिसली आणि गवताआड गेली. मग वरनं आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं, पडली. केतन ताडकन उठला. पण ते ओरडणं पडलेल्या माणसाचं नव्हतं.

"अरे विष्ण्या! मुडद्या!"

उभ्या संसारात तिनं कधी तुझं नाव घेतलं नव्हतं. तुला 'अहो' म्हणायची, मला सांगताना 'त्ये' म्हणायची. आणि आता कड्याकडं तोंड करून मोकळ्या गळ्यानं, "विष्ण्या! टायर ओतायला हात मोडलं हुतं का रे तुझं? माझ्या आधी जायाची एवढी घाई हुती व्हय? कुणाच्या जिवावर टाकून गेलास रे मला, भाड्या!" शब्द समोरच्या कड्यावर आपटून परत खाली येत होते, एकावर एक. मी कधी तिच्या तोंडून न ऐकलेल्या शिव्या, काही तर मलाही नव्या.

केतन लाल झाला होता. "आजी, वहिनी कुणाशी बोलतायत?"

"ज्याच्याशी बोलायचं राहिलं होतं त्याच्याशी. तू बस."

बराच वेळ चाललं तिचं. मध्ये रडणं, मध्ये परत शिव्या. आणि मी खाली बसून प्रत्येक शिवीला होय म्हणत होते.